जुना फोन मुलीसोबत उघडायचाय, आत काय बघण्यासारखं आहे आणि कशाला हात लावायचा नाही?

लोकमान्यनगर_इंदूर:

नमस्कार. सासूबाईंचा जुना अँड्रॉइड फोन घरी पडून आहे, डिस्प्ले गेलाय, दुकानात विचारलं तर फोल्डर (डिस्प्ले आणि टच मिळून येणारा भाग) टाकायचा खर्च फोनच्या आजच्या किमतीच्या वर निघाला, म्हणून तो तसाच कपाटात गेला. माझी मुलगी आठवीत आहे, तिला वस्तू उघडून बघायचा भारी नाद, मिक्सर झाला, भिंतीवरचं घड्याळ झालं, आता म्हणते आई फोन उघडू. आणि मलाही मनापासून वाटतं की उघडावा. दिवसभर आपण ज्याला चिकटून असतो त्याच्या पोटात काय आहे हे घरात एकालाही सांगता येत नाही, हे मला खरंच खटकतं.

यूट्यूबवर व्हिडिओ बघितले पण सगळे एकाच घाईत, ही बॅटरी, हा कॅमेरा, हा मदरबोर्ड, झालं. मला असं हवंय की पोरीने एखादा तुकडा हातात घेतला आणि विचारलं हा काय करतो, कसा करतो, तर उत्तर देता यावं. कॉलनीतली तिच्या वयाची आणखी मुलंही येणार आहेत, सुट्ट्या लागल्यात आणि या उन्हात दुपारी बाहेर सोडवत नाही.

बॅटरी आतच फिट आहे, मागचं झाकण प्लास्टिकचं आहे आणि मागेच फिंगरप्रिंटचा गोल आहे. बॅटरीची मला भीती वाटते, बातम्यांत ऐकतो ना आपण. तर उघडताना नेमकं काय सांभाळायचं, आणि ते बोर्डवर चंदेरी डबे दिसतात त्यांच्या खाली काय असतं, ते काढता येतात का? सविस्तर लिहा प्लीज, लांब झालं तरी चालेल, मी सगळं वाचेन.

जेलरोड_मोबाइलवाला:

ताई, जेल रोडला माझं रिपेरिंगचं काउंटर आहे, दिवसभर हेच काम, म्हणून सांगतो.

सगळ्यात आधी बॅटरी, कारण बाकी काहीही तुटलं तरी हरकत नाही, फोन तसाही बंद आहे. फोन सपाट टेबलावर ठेवून बघा, डुलतो का, झाकण मधून वर आलंय का, कडेला फट पडलीये का. यातलं काहीही दिसलं म्हणजे बॅटरी फुगलीये, मग तो फोन मुलांसमोर उघडायचाच नाही, सरळ कोणत्यातरी दुकानात घेऊन जा. ठीक दिसत असेल तर यापुढे चार्जिंगला लावू नका. डिस्प्ले नाही पण बटण दाबल्यावर व्हायब्रेट होत असेल तर चालू करून तसाच ठेवून द्या, पूर्ण उतरू द्या. भरलेल्या बॅटरीला टोक लागून आत शॉर्ट झालं तर ती आग धरते, उतरलेलीमध्ये तेवढा जोर उरत नाही. धोका शून्य होत नाही पण पुष्कळ कमी होतो. बाजूला कोरड्या वाळूचं घमेलं ठेवा, आणि बॅटरी चिकटवलेली असेल तर ती बाहेर काढायचा हट्ट करू नका, कनेक्टर काढलं की पुरे, जागेवर राहू दे. तिच्याखाली पेचकस, चाकू, काहीही लोखंडी घालायचं नाही, हा नियम मुलांकडून आधी वदवून घ्या.

आता उघडायचं. सिम ट्रे पहिले बाहेर, नाहीतर झाकण ओढताना ट्रे अडकतो आणि मोडतो. प्लास्टिकची पाठ आहे म्हणजे बहुतेक लॉकवर बसलेली असणार, हीट गन वगैरे लागणार नाही (काचेची पाठ असती तर गोंद असतो, तिथे गरम करावं लागतं). कडेच्या फटीत पिक (प्लास्टिकची पातळ चपटी टिकली) घाला, पिक नसेल तर जुनं एटीएम कार्ड चालतं, आणि हळूहळू कडेने फिरवा, टक-टक करत लॉक सुटतील. सगळे सुटले की तिथे थांबा. झाकण झटक्यात ओढू नका, कारण तुमच्या फोनला मागे फिंगरप्रिंट आहे आणि त्याची पातळ पट्टी खाली बोर्डला लागलेली असते, इथेच नव्या पोरांकडून सगळ्यात जास्त पट्ट्या फाटतात. थोडंसंच उचला, आत बघा, पट्टीचं कनेक्टर प्लास्टिकच्या ओपनरने सरळ वर उचला, मग झाकण बाजूला.

वर काळं कव्हर दिसेल, बारीक प्लसचे स्क्रू. स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात हे ध्यानात ठेवा. एका कागदावर फोनचं चित्र काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथे टेपने चिकटवा. परत जोडताना छोट्याच्या जागी लांब स्क्रू पिळला तर तो बोर्डच्या आतल्या तांब्याच्या रेषा कापतो, चांगला चालता फोन असा मेलेला मी पुष्कळदा बघितलाय. कव्हर निघालं की पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर उचलणे, त्याच्याआधी दुसऱ्या कशालाच हात नाही.

मग आरामात बघा. वर मेन बोर्ड आणि कॅमेरे, मध्ये बॅटरी, खाली छोटा सीसी बोर्ड (चार्जिंगचा बोर्ड), त्यावर चार्जिंग जॅक, माइक, बाजूला रिंगर (म्हणजे मोठ्या आवाजाचा स्पीकर) आणि व्हायब्रेटर. वरचा आणि खालचा बोर्ड जोडणारी चपटी पट्टी बॅटरीच्या अंगावरून किंवा खालून जाते, आणि बाजूने एक केसासारखी बारीक गोल वायर जाते, ती अँटेनाची.

मुलांना माइक नक्की दाखवा. चार्जिंग जॅकशेजारी जे बारीक भोक असतं ना, त्याच्यामागे बोर्डवर तीन-चार मिलीमीटरची धातूची डबी बसलेली असते आणि तिला किंवा तिच्याखालच्या बोर्डला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. त्या भोकामागे इतका नाजूक पडदा असतो की सिमची पिन लागली तर संपला. लोक साफ करायला म्हणून किंवा ट्रेचं भोक समजून पिन तिथे घालतात आणि मग आमच्याकडे येतात की समोरच्याला आवाज जात नाहीये. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पोरं आयुष्यात तिथे पिन घालणार नाहीत.

आणि कनेक्टरच्या आसपास किंवा ट्रेच्या खाचेत पांढरा ठिपका मिळाला तर बघा, पाणी लागलं की तो लाल होतो. कस्टमर म्हणतो पाण्यात पडलाच नाही, आम्ही ठिपका बघतो.

विजयनगरकर:

वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मुलांच्या हातात लिथियम बॅटरी द्यायचीच कशाला? आणि त्या फोनात सासूबाईंचे फोटो, बँकेचे मेसेज सगळं असणार, डिस्प्ले नसल्याने रिसेट पण करता येणार नाही, मग उद्या तो बोर्ड कचऱ्यात गेला आणि कोणी वाचला तर? इंदूरात कचरा गाडीला ई-वेस्टचा वेगळा डबा आहे, आपलं शहर याच शिस्तीवर पहिलं येतं, त्यात टाकून मोकळं व्हा, आणि पोरांना चांगलं थ्रीडी अॅनिमेशन दाखवा.

पॉलिटेक्निक_काकू:

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे, आता रिटायर आहे. विजयनगरकर, तुमची काळजी रास्त आहे पण अॅनिमेशनने काम होत नाही हो, मी वर्षानुवर्षं मुलांना फळ्यावर कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा तुकडा) काढून दाखवला आणि ज्या दिवशी हातात दिला त्या दिवशी त्यांना तो कळला. बॅटरीचं वर भाऊंनी नीट सांगितलंय. डेटाचं म्हणाल तर अँड्रॉइड १० किंवा त्याच्या पुढच्या व्हर्जनसह बाजारात आलेल्या फोनांत एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद ठेवणं) सक्तीचं आहे, म्हणजे स्टोरेजची आयसी, म्हणजे चिप, काढून दुसरीकडे लावली तरी किल्ली प्रोसेसरकडे राहते, आत नुसता गोंधळ वाचायला मिळतो. फोन त्याहून जुना असेल तर बोर्ड घरातच ठेवा, एवढासा तर आहे. आणि दुसऱ्या फोनवरून सासूबाईंच्या गूगल अकाउंटमध्ये जाऊन हे डिव्हाइस साइन आउट करून टाका, हे दोन्ही परिस्थितींत करायचंच.

आता ताई तुमच्यासाठी. सगळे लोक फोन उघडला की पहिले प्रोसेसर शोधतात. माझं म्हणणं असं आहे की तो सगळ्यात शेवटी बघा. आपण फोनला छोटा कॉम्प्युटर म्हणतो पण उघडल्यावर डोळ्यांना जे दिसतं त्यातला कॉम्प्युटरचा भाग अगदी थोडा असतो, बाकी सगळी जागा वीज साठवायला, वीज वाटायला, रेडिओला आणि बाहेरचं जग मोजायला गेलेली असते. मुलांना हे जागेच्या हिशोबाने दाखवा, पट्टी घेऊन मोजायला लावा की बॅटरीने किती चौरस सेंटीमीटर घेतले आणि बोर्डने किती.

बॅटरीवर आकडे छापलेले असतात ते वाचायला लावा. समजा ५००० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे ५ अँपिअर-तास) आणि ३.८५ व्होल्ट लिहिलंय, तर ५ गुणिले ३.८५ म्हणजे साधारण १९ वॅट-तास. नऊ वॅटचा एलईडी बल्ब यावर दोन तास चालेल, आणि फोन मात्र दिवसभर काढतो. म्हणजे फोन सरासरी एक वॉटसुद्धा खात नाही. आठवीच्या मुलीला हा हिशोब स्वतः करता येईल आणि करून झाल्यावर तिला पुढचं सगळं बघायचा अर्थ लागेल, कारण आतली अर्धी करामत वीज वाचवण्याचीच आहे.

चंदेरी डबे म्हणजे शिल्ड, त्यांचं उत्तर पण इथेच आहे. फोन टॉवरला सिग्नल पाठवतो तेव्हा फोर-जीमध्ये जास्तीत जास्त ०.२ वॉटच्या आसपास ताकद लावतो, आणि टॉवरकडून जो सिग्नल त्याला ऐकायचा असतो तो लांबच्या जागी एका वॉटचा दहा लाख कोटीवा भाग इतका क्षीण असू शकतो. अशा कुजबुजीच्या शेजारी तोच फोन स्वतः ओरडतोय आणि प्रोसेसर सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतोय. म्हणून प्रत्येकाला आपापल्या धातूच्या खोलीत बंद केलेलं असतं. बऱ्याच बोर्डांवर या डब्याची चौकट सोल्डर केलेली असते आणि वरचा ढक्कन फक्त दाबून बसवलेला असतो, तो कोपऱ्यातून प्लास्टिकच्या ओपनरने निघतो. निघत नसेल तर जोर लावू नका, पत्रा धारदार असतो, बोट कापतं. ढक्कनाखाली किंवा वर पांढरी-राखाडी पेस्ट किंवा काळी चकचकीत पातळ चादर मिळेल, ती उष्णता पसरवायला. काळी असेल तर ती बहुतेक ग्रॅफाइट, म्हणजे पेन्सिलीतलाच कार्बन.

आता आयसी ओळखायची युक्ती. नावं वाचून काही कळत नाही, शेजारी बघून कळतं. ज्या आयसीभोवती राखाडी-काळे चौकोनी ठोकळे गर्दी करून बसलेत ती पॉवर आयसी, ते ठोकळे म्हणजे कॉइल, तारेची वेटोळी. बॅटरी देते पावणेचार व्होल्टच्या आसपास आणि प्रोसेसरच्या गाभ्याला हवा एक व्होल्टहून कमी, कुणाला १.८, कुणाला ३, तर ही आयसी त्या कॉइलमधून करंट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करून प्रत्येकाला हवा तो व्होल्टेज बनवून देते. अँटेनाच्या वायरचं गोल बटण जिथे बसतं त्याच्याजवळच्या आयसी म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या आणि गाळणाऱ्या. आणि सगळीकडे जे खसखशीसारखे तपकिरी दाणे विखुरलेत ते सिरॅमिक कपॅसिटर, एका स्मार्टफोनात हे हजाराच्या घरात असतात, ०.६ बाय ०.३ मिलीमीटरचे नेहमीचे, त्याहून लहानही असतात. प्रोसेसरला अचानक करंट लागला की लांबच्या बॅटरीकडून यायची वाट न बघता हे दाणे जागच्या जागी पुरवतात, म्हणून ते त्याला इतके खेटून असतात.

शेवटची गोष्ट, आणि ही मला फार आवडते. तुमच्या मुलीने भिंतीवरचं घड्याळ उघडलंय ना? त्यात एक बारीक चंदेरी नळकांडं असेल, क्वार्ट्झचा क्रिस्टल, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा का, तर तिला तो २ ने भागत बसायला सांगा, बरोबर पंधराव्या भागाकाराला १ येतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. फोनसुद्धा वेळ सांभाळायला हाच ३२,७६८ चा ठोका वापरतो. रेडिओसाठी वेगळा जलद क्रिस्टल असतो, २६ किंवा ३८.४ मेगाहर्ट्झचा, छोटा चौकोनी धातूचा डबा, त्यावर कधीकधी आकडा कोरलेला दिसतो. भिंग घ्या आणि शोधा.

लोकमान्यनगर_इंदूर:

काकू, भाऊ, काय लिहिलंत तुम्ही दोघांनी, मी प्रिंट काढून ठेवलीये. अकाउंटमधून साइन आउट केलं, बॅटरी फुगलेली नाही, फोन चालू करून उतरवायला ठेवलाय. विजयनगरकर, तुमचं पण पटलं, म्हणून बॅटरीच्या भागाला मी एकटीच हात लावणार असं ठरवलंय. कॅमेरा आणि सेन्सरबद्दल कोणी सांगेल का? फोन आडवा केला की स्क्रीन आडवी होते ते कशाने, हा मुलीचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

सिलिकॉन_इंदुरी:

ताई, मी मूळचा रामबागचा, सध्या पुण्यात चिप डिझाइनमध्ये आहे. काकूंनी बोर्डचं इतकं छान सांगितलंय की मी फक्त राहिलेलं सांगतो.

आडवी-उभी कळते ती अॅक्सेलरोमीटरमुळे. बोर्डवर साधारण अडीच बाय तीन मिलीमीटरची साधी काळी आयसी, बाहेरून इतर आयसींसारखीच, पण आत खरोखर हलणारं यंत्र आहे. सिलिकॉनचं एक सूक्ष्म वजन सिलिकॉनच्याच स्प्रिंगवर टांगलेलं असतं आणि त्याला कंगव्यासारखे दात असतात, समोर दुसरा कंगवा पक्का बसवलेला, दोघांचे दात एकमेकांत घुसलेले पण न शिवणारे. फोन कलला की पृथ्वी त्या वजनाला ओढते, दातांमधलं अंतर इतकं थोडं बदलतं की डोळ्याने सोडा, साध्या मायक्रोस्कोपनेही दिसणार नाही, पण अंतर बदललं की कपॅसिटन्स, म्हणजे त्या दातांमध्ये किती वीज साठू शकते ते, बदलतो आणि तो मोजता येतो. कपॅसिटर म्हणजे काय हे काकूंच्या दाण्यांवरून मुलांना कळलेलं असेलच, तोच सिद्धांत, फक्त इथे त्याचं मोजमाप हेच काम आहे. जायरोस्कोपमध्ये ते वजन सतत थरथरत ठेवलेलं असतं आणि फोन फिरवला की थरथर बाजूला झुकते, त्यावरून किती फिरला ते कळतं.

ही यंत्रं किती नाजूक, त्याची एक खरी घटना सांगतो. २०१८ साली अमेरिकेत शिकागोजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये नवीन एमआरआय मशीन बसवताना हेलियम गळला आणि तिथल्या लोकांचे आयफोन, अॅपल वॉच बंद पडले, अँड्रॉइड मात्र चालू. कारण काय निघालं, तर काकूंनी सांगितलेला तो ३२,७६८ चा ठोका त्या आयफोनांत क्वार्ट्झऐवजी अशाच सूक्ष्म सिलिकॉन यंत्राने दिला जायचा, ते यंत्र निर्वात डबीत असतं, आणि हेलियमचे अणू इतके लहान की ते डबीत शिरले आणि ठोका बिघडला. मोकळ्या हवेत काही दिवस ठेवल्यावर बहुतेक परत चालू झाले.

हे सेन्सर उघडून बघता येत नाहीत, पण चालत्या फोनवर त्यांचं काम बघता येतं. फायफॉक्स नावाचं अॅप घ्या, जर्मनीतल्या आखेन युनिव्हर्सिटीने केलंय, फुकट आहे. फोन टेबलावर स्थिर ठेवला तरी ९.८ आकडा दिसेल, का दिसतो ते मुलांना विचार करू द्या, लगेच सांगू नका. तुमच्या फोनला बॅरोमीटर असेल तर दाबाचा आकडा साधारण ९५० हेक्टोपास्कल येईल कारण इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, आणि जिना चढून गच्चीवर गेलात की मजल्यामागे ०.३ च्या आसपास कमी होताना दिसेल.

कॅमेरा काढलात तर कानाजवळ हलवून बघा, बारीक खुळखुळ येतो, ते भिंगाचं आतलं बोचकं असतं. भिंगाभोवती तांब्याच्या तारेची कॉइल आणि शेजारी चुंबक, करंट दिला की भिंग मिलीमीटरच्या काही दशांशांनी पुढे-मागे सरकतं, तोच फोकस. भिंग वेगळं झालं तर खाली सेन्सर दिसेल, तिरप्या उजेडात इंद्रधनुष्यासारखा चमकतो. त्यावर प्रत्येक पिक्सेलवर एक रंगाची गाळणी असते, निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या, कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये याचं पेटंट मिळालं आणि आजही बहुतेक फोन हीच मांडणी किंवा तिचीच पुढची रूपं वापरतात. म्हणजे प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो आणि बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून हिशोबाने भरले जातात, आपल्या फोटोतला बराचसा रंग हा असा काढलेला असतो.

प्रोसेसर शेवटी बघा हे मलाही मान्य आहे, माझी रोजीरोटी तीच असूनही. स्वस्त-मध्यम फोनांत रॅम आणि स्टोरेज बहुतेक एकाच आयसीत असतात आणि प्रोसेसर शेजारी, महागड्यांत रॅम थेट प्रोसेसरच्या डोक्यावर बसवलेली, त्यामुळे जी दिसते ती रॅम आणि प्रोसेसर तिच्याखाली लपलेला. १९७१ मध्ये इंटेलच्या ४००४ या प्रोसेसरमध्ये २,३०० ट्रान्झिस्टर (विजेचे सूक्ष्म स्विच) होते, २०२३ च्या अॅपलच्या ए१७ प्रोमध्ये १,९०० कोटी आहेत, साधारण एका चौरस सेंटीमीटरमध्ये. आणि मुलांनी कुठे चिपबद्दल ३ नॅनोमीटर वाचलं तर सांगा की ते आता पिढीचं नाव आहे, त्या चिपमध्ये शेजारच्या दोन गेटमधलं (गेट म्हणजे ट्रान्झिस्टर चालू-बंद करणारा भाग) अंतर चाळीस-पन्नास नॅनोमीटरच्या घरात असतं.

लोकमान्यनगर_इंदूर:

उघडला! काल दुपारी, कूलरसमोर, हॉलमध्ये चादर टाकून. झाकणाची पट्टी शाबूत निघाली, भाऊंनी सांगितलं नसतं तर ती नक्की फाटली असती. माइकची डबी सापडली, भोक बघून सगळी मुलं गप्प झाली. पॉवर आयसी माझ्या मुलीने स्वतः ओळखली, कॉइलची गर्दी बघून, आणि एका डब्याचा ढक्कन सहज निघाला. ३२,७६८ चा भागाकार सगळ्यांनी केला, एकाने चौदाव्यालाच थांबून २ उरतात म्हणून वाद घातला, मग पुढचा करून बघितला. रिंगरने आमचे स्क्रू पळवले, चुंबक आहे ना, कागदावर टेप होती म्हणून बाकीचे वाचले.

आता अडलोय ते अँटेनाला. ती बारीक वायर सापडली, एका टोकाला वरचा बोर्ड, दुसऱ्याला खालचा, पण मुलगी म्हणते वायर तर दोन्हीकडे बोर्डलाच लागलीये, मग अँटेना कुठाय? काळ्या कव्हरच्या आतल्या बाजूला सोनेरी-चंदेरी वेड्यावाकड्या रेषा आहेत, आणि बोर्डवर छोट्या-छोट्या पितळी स्प्रिंगा वर आलेल्या आहेत. आणि जीपीएसचा तुकडा कुठला? तो काही मिळाला नाही.

पॉलिटेक्निक_काकू:

शाब्बास म्हणावं पोरीला, प्रश्न अगदी बरोबर पकडलाय. वायर ही अँटेना नाहीच, ती नुसता सिग्नल वाहून नेते, वरच्या बोर्डवरून खालच्या अँटेनापर्यंत. अँटेना म्हणजे त्याच वेड्यावाकड्या रेषा. प्लास्टिकवर लेसरने आकार कोरून त्यावर धातू चढवतात, आणि कव्हर बसलं की बोर्डवरच्या त्या स्प्रिंगा बरोबर रेषांच्या टोकांना टेकतात. धातूच्या फ्रेमचे फोन असतात त्यांत फ्रेमचेच तुकडे अँटेना असतात, कडेला ज्या प्लास्टिकच्या बारीक पट्ट्या दिसतात त्या ते तुकडे वेगळे ठेवायला.

रेषांची लांबी मोजा बरं. अँटेना साधारण तरंगलांबीच्या पाव भागाएवढी लागते. लाटेचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. ९०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ९० कोटी लाटा, ३० भागिले ९० म्हणजे ३३ सेंटीमीटर, त्याचा पाव झाला ८ सेंटीमीटर. वाय-फायचे २४० कोटी, तर तरंगलांबी साडेबारा आणि पाव भाग ३ सेंटीमीटर. म्हणून लांबलचक आडवी रेषा बहुतेक मोबाइल टॉवरची आणि छोटी वाय-फायची. मोजमाप तंतोतंत जुळणार नाही, प्लास्टिकमुळे आणि वळवून बसवल्यामुळे लांबी कमी होते, पण कुठली लांब आणि कुठली आखूड ते नक्की कळेल.

जीपीएसचा वेगळा तुकडा बहुतेक फोनांत नसतोच, तो भाग रेडिओच्या आणि प्रोसेसरच्या आयसीतच सामावलेला असतो, त्याची अँटेना मात्र अशीच एक रेषा असते, शक्यतो वरच्या बाजूला, म्हणजे हातात धरल्यावर आकाशाकडे राहील अशी. आणि हे मुलांना जरूर सांगा की जीपीएसमध्ये फोन उपग्रहाला काहीही पाठवत नाही, फक्त ऐकतो. उपग्रह २०,२०० किलोमीटरवर, प्रत्येकजण आपली वेळ आणि जागा सांगत असतो, फोन किमान चार जणांचं ऐकतो आणि कोणाचा आवाज किती उशिरा आला त्यावरून स्वतःची जागा काढतो. चार का, तीन का नाही? कारण फोनचं स्वतःचं घड्याळ, तेच क्रिस्टलचं, तेवढं अचूक नसतं, चौथा उपग्रह ती चूक काढायला लागतो.

सुदामानगर_२:

मस्त धागा. आमच्याकडे पण एक जुना फोन आहे पण त्याची बॅटरी स्पष्ट फुगलीये, झाकण वर आलंय. ती कचरा गाडीत ई-वेस्टच्या डब्यात टाकली तर चालेल ना?

जेलरोड_मोबाइलवाला:

दादा, अशीच टाकू नका. फुगलेली म्हणजे आत गॅस झालाय, गाडीत दाबली गेली किंवा टोचली तर पेट घेऊ शकते. तो गॅस काढायला टाचणी मारायची असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, तसं करणारे लोक आहेत. फोन बंद करा, चार्जर लावू नका, उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, धातूच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवून कोणत्याही रिपेअरवाल्याकडे तसाच घेऊन जा आणि काउंटरवर ठेवण्याआधी सांगा की फुगलेली आहे. आम्ही बॅटरी वेगळी करून टोकांना टेप लावून रिसायकलरकडे देतो. राहिलेला फोन, बोर्ड, फ्रेम, फोल्डर, ते मग गाडीच्या ई-वेस्टच्या डब्यात द्या, गाडीवाल्याला हातात देऊन सांगा की फोन आहे.